स्लिपर फ्लॉवरच्या कळ्या का गळतात? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

वहिनी: मावशी, माझ्या कॅल्सिओलारियाच्या, म्हणजे स्लिपर फ्लॉवरच्या, कळ्या गळतायत. आणला तेव्हा गच्च भरलेला होता, पिवळ्या फुलांवर लाल ठिपके. पानं मलूल दिसली म्हणून पाणी वाढवलं, तर आणखीच मान टाकली. काय करू?

मावशी: आधी पाणी थांबव. कुंडी उचलून बघ, जड लागते का? आणि ठेवलीयस कुठे?

वहिनी: जड आहे. हॉलमध्ये ठेवलीय, टीव्हीजवळ. दुपारी खिडकीतून ऊन येतं. शेजारी फळांची टोपली असते.

मावशी: तिन्ही गोष्टी त्याला सोसत नाहीत गं. कॅल्सिओलारियाच्या बहुतेक जाती दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या थंड, दमट हवेतल्या. त्याला १० ते १६ अंश तापमान मानवतं. उकाडा झाला की फुलं भराभर संपतात आणि कळ्या उमलायच्या आधीच पडतात. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्यानेही कळ्या गळतात. घरातली सगळ्यात गार, उजेडाची पण थेट ऊन न येणारी जागा शोध.

दादा: मग एसीच्या खोलीत ठेवायचं का?

मावशी: झोताखाली अजिबात नको. गारवा हवा, पण ती हवा फार कोरडी असते. पसरट ताटलीत खडे आणि थोडं पाणी घेऊन कुंडी खड्यांवर ठेवा, बूड पाण्यात बुडू द्यायचं नाही.

वहिनी: पण पानं मलूल म्हणजे तहान लागलीय असंच वाटलं मला.

मावशी: तसंच दिसतं. पण मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात आणि माती ओली असूनही पानांपर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून पानांकडे बघून पाणी घालायचं नाही, बोट मातीत खुपसून बघायचं. वरचा थर कोरडा लागला की कडेने घालायचं. त्या लवदार पानांवर आणि फुलांच्या पिशव्यांवर थेंब पडू देऊ नकोस. पाणी साचून राहिलं की करडी बुरशी येते.

आत्या: किती गोड दिसतं ते फूल! पण ती पिशवी कशासाठी असते हो?

मावशी: आत्या, छान विचारलंत, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. पिशवी म्हणजे फुलाचा खालचा ओठ फुगलेला. पुष्कळ जातींत मध नसतोच, आतल्या बारीक ग्रंथींमधून तेल पाझरतं. काही खास मधमाश्या ते तेल गोळा करायला येतात आणि परागीभवन होतं. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, पॅटागोनियात, कॅल्सिओलारिया युनिफ्लोरा नावाची बुटकी जात आहे. तिच्या ओठावर पांढरी मांसल पट्टी असते. लीस्ट सीडस्नाइप नावाचा पक्षी ती टोचून खातो, तेवढ्यात त्याच्या डोक्याला पराग लागतात. कीटकासाठी असलेलं फूल पक्ष्याकडे वळलं! त्याचा फोटो जरूर शोधून बघा.

दादा: बी पेरून करता येईल का?

मावशी: येईल, धीर हवा. बी अगदी धुळीसारखं असतं. बारीक, ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, कारण रुजायला उजेड लागतो. १८ अंशांच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत रोपं दिसतात. पाणी वरून घालू नका, ट्रे पाण्यात ठेवून खालून शोषू द्या. रोप मोठं झालं की मुख्य गोष्ट म्हणजे गारवा: १५ अंशांखालचे सुमारे सहा आठवडे मिळाले की कळ्या धरतात. म्हणून मोठी रोपं ऐन थंडीत सापडतील असा पेरणीचा हिशोब करायचा. थंडीच नसेल तिथे नुसती पानं वाढत राहतात.

आत्या: आमचं घर तापतं हो. मग आमच्या नशिबी ही फुलं नाहीत?

मावशी: कॅल्सिओलारिया नको, पण त्याचे नातेवाईक आहेत की. पूर्वी याला स्नॅपड्रॅगनच्या कुळात धरत, आता स्वतंत्र कुळ मानतात आणि सगळ्यात जवळचं नातं निघालं ते आफ्रिकन व्हायोलेट, ग्लॉक्सिनियाच्या कुळाशी. तुम्ही व्हायोलेट लावा. त्याला १८ ते २४ अंश आवडतात, खिडकीतला गाळलेला उजेड पुरतो आणि एका पानाच्या देठापासून नवं रोप होतं. फक्त गार पाणी पानांवर पडलं तर डाग उमटतात, तेवढं जपा. ग्लॉक्सिनिया कंदाचं आहे. फुलं संपून पानं पिवळी पडली की पाणी बंद करून कंद कोरडा ठेवायचा, कोंब दिसला की पुन्हा पाणी सुरू.

वहिनी: मावशी, माझ्या झाडाची फुलं संपल्यावर छाटू का? पुढच्या वर्षी येईल?

मावशी: कुंडीत मिळणारे हे ठिपकेवाले संकर एका बहाराचेच. ते पुन्हा फुलतील म्हणून वर्षभर सांभाळू नकोस. झुडपासारखी वाढणारी कॅल्सिओलारिया इंटेग्रिफोलिया मात्र अनेक वर्षं टिकते, तिची छाट कलमंही लागतात.

वहिनी: बेडरूमच्या उत्तरेच्या खिडकीत हलवली. तिथे माझी बाकीची झाडं आहेत.

मावशी: मग त्यांच्यात ठेवण्याआधी पानं उलटून बघ. मावा आणि पांढरी माशी याच्यावर हमखास येते. दिसली तर कुंडी आठवडाभर वेगळी ठेव, कीड ओल्या कापसाने पुसून काढ आणि मग इथे फोटो टाक.