शस्त्रकरारांमुळे प्रत्यक्षात काही थांबते का?

कोथरूडचा वाचक

नमस्कार. आम्ही दहाबारा जण दर पंधरवड्याला कोथरूडमध्ये एखादा विषय घेऊन चर्चेला बसतो. गेल्या बैठकीत अमेरिका आणि रशिया यांच्यातील ‘न्यू स्टार्ट’ कराराचा विषय निघाला. २०१० साली प्राग येथे झालेल्या या कराराने दोन्ही देशांच्या तैनात दीर्घ पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर प्रत्येकी १५५० ची मर्यादा घातली होती. २०२३ मध्ये रशियाने त्यातील सहभाग स्थगित केला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याची मुदतही संपली. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील १९८७ चा करार तर २०१९ मध्येच मोडीत निघाला होता. ‘गरज सरो, वैद्य मरो’ हाच बलाढ्य देशांचा करारांबाबतचा न्याय आहे, असे बहुतेकांचे मत पडले. मला ते पटले नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नव्हती. राजनयामुळे एखादे शस्त्र खरोखर हद्दपार झाले किंवा युद्ध खरोखर थांबले, अशी उदाहरणे कोणती आणि ते कशामुळे साधले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाषाण रस्ता

विद्यापीठात संरक्षणशास्त्र शिकताना हाच प्रश्न मलाही छळत असे. माझ्यापुरते उत्तर मला रासायनिक शस्त्रांच्या इतिहासात मिळाले.

पहिल्या महायुद्धातील विषारी वायूंचा अनुभव ताजा असताना १९२५ मध्ये जिनिव्हा येथे या शस्त्रांच्या वापरावर बंदी घालणारा करार झाला. मात्र ती बंदी केवळ वापरावर होती. शस्त्रे तयार करण्यास किंवा साठवण्यास मनाई नव्हती आणि कोणाच्या कोठारात काय आहे हे पाहण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. त्यामुळे १९८० च्या दशकात इराकने इराणी सैन्यावर आणि १९८८ मध्ये हलब्जा येथे कुर्द नागरिकांवर वायू सोडला, तेव्हा तो करार अस्तित्वात असूनही निरुपयोगी ठरला. १९९३ मध्ये सह्या होऊन १९९७ मध्ये अमलात आलेल्या करारात ही उणीव भरून काढण्यात आली. साठा जाहीर करायचा, तो निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट करायचा आणि खासगी रासायनिक कारखान्यांची दारेही तपासणीसाठी उघडी ठेवायची, अशी बंधने सदस्य देशांनी स्वीकारली. भारताने आपला साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो पूर्णपणे नष्ट केला. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने आपला उरलासुरला साठा संपवला, तेव्हा जगभर जाहीर झालेली सुमारे ७२ हजार टन रासायनिक द्रव्ये नष्ट झालेली होती. विष तेच होते आणि बंदी घालणारेही बव्हंशी तेच देश होते. फरक पडला तो तपासणीमुळे.

सहकारनगर

आपला मुद्दा मान्य आहे, परंतु सीरियाचे काय? २०१३ मध्ये दमास्कसजवळच्या घूता येथील विषारी वायूच्या हल्ल्यानंतर सीरिया याच करारात सामील झाला आणि त्याने जाहीर केलेली सुमारे १३०० टन द्रव्ये देशाबाहेर नेण्यात आली. तरीही एप्रिल २०१७ मध्ये खान शेखून येथे सरीन वायूने माणसे मेली. संयुक्त राष्ट्रे आणि रासायनिक शस्त्रबंदी संघटना यांच्या संयुक्त तपास यंत्रणेने सीरियाच्या सरकारला जबाबदार धरले आणि त्यानंतर महिन्याभरातच सुरक्षा परिषदेत रशियाने नकाराधिकार वापरून त्या यंत्रणेची मुदतवाढ रोखली. तपासणीने गुन्हेगार दाखवला, पण शिक्षा कोण देणार?

पाषाण रस्ता

शिक्षेचे उत्तर या करारात नाही, हे मी मान्य करतो. बाहेर नेलेली १३०० टन द्रव्ये पुन्हा कोणावर सोडता आली नाहीत, एवढेच मी ठामपणे म्हणू शकतो. माझ्या मते तेही थोडे नव्हे.

वानवडी (निवृत्त)

युद्ध थांबवण्याच्या प्रश्नाकडे आपले दुर्लक्ष होऊ नये, म्हणून लिहितो. कोरियातील शस्त्रसंधीची बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली, पण मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचे काय करायचे, या एका प्रश्नावर ती दीर्घकाळ अडली आणि तोवर रणांगणावर माणसे मरत राहिली. अखेर हे कैदी तटस्थ देशांच्या आयोगाकडे सोपवण्याचा मार्ग निघाला. त्या आयोगाचे अध्यक्षपद भारताच्या जनरल थिमय्या यांच्याकडे होते, तर सुमारे २३ हजार कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व आपल्या मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांनी केले. संतापलेल्या कैद्यांच्या छावण्या सांभाळण्याचे हे काम अत्यंत जोखमीचे होते. मुत्सद्द्यांनी शोधलेली तोड तेथे उभ्या असलेल्या जवानांच्या संयमामुळेच टिकली, असे मी मानतो.

दुसरे उदाहरण घरचे आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश अशा केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलमध्ये आपली मुले धारातीर्थी पडली, तरी पुढच्या जानेवारीत ही देवाणघेवाण चुकली नाही. मे २०२५ मधील गोळीबार थांबला तोही दोन्ही लष्करांच्या मोहीम महासंचालकांमधील दूरध्वनी संभाषणानंतर, आणि तो दूरध्वनी मार्ग शांततेच्या काळापासून चालू ठेवलेला होता.

कोथरूडचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढील बैठकीत १९८८ च्या कराराचा मसुदा सर्वांसमोर वाचण्याचे मी ठरवले आहे. वानवडीच्या सरांना वेळ असेल, तर कोरियाविषयी बोलण्यासाठी त्यांनी अवश्य यावे, अशी विनंती करतो.