आईच्या डोळ्याच्या पडद्याचे दोन फोटो, दोन आकडे: कुठला धरायचा?

कृष्णाकाठ
आई ७४ वर्षांची, सांगलीत असते. बीपी जुनं, शुगर अलीकडची. शिबिरात तिच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला. रिपोर्टात रोहिणी-नीला गुणोत्तर (रोहिणीची जाडी भागिले नीलेची) ०.५८ आणि शेरा ‘रोहिण्या अरुंद, हृदयतपासणी करावी’. थोड्याच दिवसांनी एका दवाखान्यात दुसऱ्या मशीनवर त्याच डोळ्याचं ०.६९, ‘नॉर्मल’. गोळ्या त्याच आहेत. पहिला कागद वाचल्यापासून आईला नीट झोप नाही. त्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तिसरीकडे दाखवू का? कुठली तपासणी करू? बजेट दीड हजार.

शनिवारपेठी
सरळ ओसीटी अँजिओग्राफी (ओसीटीए, पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करा. सुई नाही, डाय नाही, बारीक केशवाहिन्यांचं जाळंसुद्धा दिसतं. बाबांची केली, साडेचार हजार झाले, पण मशीन एकदम नवं होतं. आईच्या तब्येतीत पैसे बघू नका.

आजीची_नात
आमच्या आजीला ओसीटीएचा त्रासच झाला. डोळे कोरडे, एका जागी नजर ठरत नाही. प्रिंटवर शिरा मध्येच तुटून बाजूला सरकलेल्या, कडेला काळा पट्टा. तिथे रक्तप्रवाह कमी आहे असं सांगून आम्हाला घाबरवलं. नंतर आमच्या डॉक्टरांनी सिग्नल स्ट्रेंथ (स्कॅन किती स्पष्ट आला त्याचा आकडा) बघितली आणि रिपोर्ट बाजूला ठेवला. पैसे गेले ते गेलेच.

शनिवारपेठी
मशीन चालवणारा कच्चा असणार. बाबा ८१ वर्षांचे आहेत, एका फटक्यात स्कॅन झाला.

चष्मेवाली
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज हेच फोटो काढते. कृष्णाकाठ, दोन्ही आकडे आपापल्या फोटोपुरते बरोबर असू शकतात.

डिस्कजवळची (डोळ्याची नस पडद्याला मिळते तिथली) मोठी रोहिणीसुद्धा १०० मायक्रॉनच्या आसपास असते. मोतीबिंदूमुळे तिची कड धूसर झाली की सॉफ्टवेअर ती कड थोडी आत किंवा बाहेर धरतं आणि गुणोत्तर हलतं. उतारवयात बाहुली लहान राहते, थेंब न घालता काढलेला फोटो कडेला काळवंडतो. शिवाय नाडीच्या ठोक्याबरोबर शिरेची जाडी कमीजास्त होते, म्हणून एकाच फोटोवर निकाल देऊ नये. मोजायची पद्धतही एक नाही. २००३ साली सुधारलेल्या पद्धतीत डिस्कभोवतीच्या ठरावीक पट्ट्यातल्या सगळ्यात जाड ६ रोहिण्या आणि ६ नीला घेतात. जुन्या सूत्राचा आकडा तिच्याशी जुळत नाही.

आणखी एक. गुणोत्तर कमी आलं म्हणजे रोहिणीच अरुंद असं नाही, नीला रुंद असली तरी तोच आकडा येतो. बीपीत रोहिण्या आक्रसतात, सिगारेट ओढणाऱ्यांत नीला रुंद दिसतात. दोन्ही मापं वेगळी मागा.

ओसीटीएची गरज नाही. आधी मोतीबिंदू काढा, मग मोजा.

निवृत्त_मास्तर
मशीनवर एवढा अविश्वास बरा नव्हे. गुगलच्या लोकांनी २०१८ साली पडद्याच्या फोटोवरून वय, बीपी, हृदयविकाराची जोखीम ओळखून दाखवली. शिबिराचा शेरा मनावर घ्या, कार्डिओलॉजिस्ट गाठा.

चष्मेवाली
मास्तर, त्यातला हृदयविकाराचा भाग यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासातल्या लोकांवर होता, तिथे नोंदणीच ४० ते ६९ वयात झाली. शिवाय हजारो माणसांच्या सरासरीत दिसलेला कल एका आईच्या एका धूसर फोटोला लावता येत नाही.

घाटावरचा
आधी मोतीबिंदू +१. आमच्या हिचा परदेशी लेन्स घातला, आता सुईत दोरा ओवते. लेन्समध्ये काटकसर करू नका.

सोनचाफा
शिबिरवाले फोटो काढतात, कागद देतात आणि निघून जातात. प्रश्न कुणाला विचारायचा? आमच्याकडेही तेच झालं. आणि वर म्हटलंय तसं, मोतीबिंदू आधी.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. भाचीचं लग्न होईपर्यंत आई ऑपरेशनला तयार नाही, मीही जबरदस्ती करणार नाही. ओसीटीएही नको. दुसऱ्या दवाखान्यात फोन केला. त्याच कॅमेऱ्यावर, थेंब घालून, दोन्ही डोळ्यांचे तीन-तीन फोटो काढून देतील आणि डॉक्टर शुगरसाठी पडदा स्वतः तपासतील. बाराशे रुपये. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू फारसा नाही, तो आकडा धरेन.

चष्मेवाली
माझं मत अजूनही आधी ऑपरेशनचं आहे, पण डाव्या डोळ्याचा विचार चांगला. जाल तेव्हा बीपी आधी सांगा. बाहुली मोठी करायच्या काही थेंबांत फिनाइलेफ्रिन असतं, त्यानं बीपी चढू शकतं आणि शिराही आक्रसू शकतात. नुसतं ट्रोपिकामाइड (बाहुली मोठी करायचं दुसरं औषध) चालेल का विचारा. मूळ फोटो पेनड्राइव्हवर घ्या, नुसता प्रिंट नको. घरी रिक्षाने न्या, काही तास उजेड सहन होत नाही.

शनिवारपेठी
पेनड्राइव्ह हवाच. बाबांचे फोटो मी जपून ठेवलेत.

कृष्णाकाठ
थेंबांचं लिहून घेतलं. गुरुवारची वेळ मिळाली आहे.