गाळण्यापलीकडचे मूत्रपिंड
मूत्रपिंडाला अनेकदा ‘नुसती गाळणी’ म्हटले जाते. रक्त गाळणाऱ्या केशिकागुच्छापुरते (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंत्यापुरते) ते ठीक, पण सूक्ष्मदर्शकाखाली बाह्यकाचा (मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचा) बराचसा भाग समीपस्थ नलिकांनीच, म्हणजे गाळलेला द्रव प्रथम जिथे येतो त्या नळ्यांनीच, व्यापलेला दिसतो आणि त्यांच्या पेशींवरील सूक्ष्मांकुरांची (बोटांसारख्या बारीक उंचवट्यांची) दाट झालर रोज गाळल्या जाणाऱ्या सुमारे १८० लिटर द्रवापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश परत शोषून घेते. आपल्या सोलापुरात ऐन वैशाखात यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराची लघवी गडद का होते, याचे उत्तर मात्र आणखी आत आहे: मध्यकात (आतल्या थरात) खोल उतरणारे नलिकांचे वळसे, म्हणजे हेन्लेचे पाश, तेथील क्षारांचे प्रमाण वाढवतात आणि शरीरात पाणी कमी पडले की स्रवणाऱ्या एडीएच संप्रेरकाच्या प्रभावाने, लघवी गोळा करणाऱ्या संग्राहक नलिकांतील अ‍ॅक्वापोरिन या प्रथिनांच्या वाटा उघडून पाणी रक्तात परतते आणि उरलेली लघवी गडद होते. असे लांब पाश साधारण १५ टक्के नेफ्रॉनांनाच (केशिकागुच्छ व त्याची नलिका मिळून होणाऱ्या सूक्ष्म एककांनाच) असतात (पाठ्यपुस्तकातील आकृतीत बहुधा तोच एक लांब नेफ्रॉन काढलेला असतो).