‘पेरिओरल डर्मॅटायटिस’ला मराठीत काय म्हणावे? (गोव्यातल्या चौघांची चर्चा, नावांच्या जागी गावे)

फोंडा: दवाखान्यात लावायला अर्ध्या पानाचे मराठी माहितीपत्रक करते आहे. तोंडाभोवती बारीक लाल पुटकुळ्या उठतात, आग होते, पण ओठाला लागून एक अरुंद पट्टी कोरी राहते, तो आजार. ‘तोंडाभोवतीचा इसब’ लिहिले तर चालेल? नोंदवहीत आजारांचे कोड घालण्याचे काम (कोडिंग) माझ्याकडेच आहे.

मडगाव: ‘तोंड येणे’ हा आपला शब्द असताना इसब कशाला?

म्हापसा: भाई, तोंड येते ते आतून, जिभेला नि गालाला. ओठावर पाणीदार फोड आले की आमच्याकडे ‘ताप मुतला’ म्हणतात. ते हर्पिस, कोड बी००.१. इथे दोन्ही नकोत. कोशाच्या थाटात ‘परिमुख त्वचाशोथ’ म्हणता येईल. आपला ‘परि’ आणि ग्रीक ‘पेरि’ एकाच मुळाचे. पण ‘शोथ’ (म्हणजे दाह) वाचून पेशंट घाबरायचा.

बांबोळी (त्वचारोग विभागात काम करते): काहीही लिहा, ‘इसब’ तेवढे नको. इसब म्हटले की घरातली जुनी स्टिरॉइडची ट्यूब बाहेर निघते: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, नाहीतर मोमेटासोन घातलेले गोरेपणाचे क्रीम. लावले की लाली बसते, सोडले की दुपटीने उठते, म्हणून माणूस परत लावतो. पुष्कळदा आजाराचे मूळच ते असते. पहिला उपचार म्हणजे ती ट्यूब बंद, जाड क्रीम आणि मेकअपही बंद. बंद केल्यावर आधी भडकते, हे पत्रकात ठळक लिहा, नाहीतर घाबरून पुन्हा ट्यूब उघडतात. पुढे लावायला मेट्रोनिडाझोल जेल किंवा पिमेक्रोलिमस. फारच असेल तर काही आठवडे पोटात घ्यायचे प्रतिजैविक, डॉक्सिसायक्लिन, पण गरोदर बायकांना आणि ८ वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत. तपासण्या सहसा लागत नाहीत. ती कोरी पट्टी दिसली आणि ‘काय लावत होता?’ याचे उत्तर मिळाले की निदान बहुतेक झालेच.

फोंडा: इसबाच्या एल२० ते एल३० मध्ये याचा कोड मिळेना, तो का?

बांबोळी: मिळणार नाही. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत हा रोझेशियाच्या (चेहरा लाल होण्याच्या आजाराच्या) घरात आहे, एल७१.०. नावात डर्मॅटायटिस असल्यामुळे घाईत एल३०.९ (प्रकार न सांगितलेला डर्मॅटायटिस) टाकला जातो. डॉक्टरने नुसते ‘पुरळ’ लिहिले असेल तर मात्र आर२१. निदान कागदावर आल्याशिवाय एल७१.० घालू नका.

म्हापसा: नाकाच्या कडेला, डोळ्यांखालीही उठते ना? मग ‘तोंडाभोवती’ अपुरे पडते.

बांबोळी: उठते. तेव्हा पेरिओरिफिशियल (तोंड, नाक, डोळे यांच्या भोवतीचा) म्हणतात. अर्ध्या पानात ते नको.

फोंडा: मग ‘तोंडाभोवतीच्या पुटकुळ्या’ ठेवते. ‘पुरळ’ लिहिले तर मे महिन्यात घामोळेवालेही विचारायला येतील. शीर्षकाखाली लगेच ‘स्टिरॉइडचे मलम लावू नका’. देव बरे करो सगळ्यांचे.

मडगाव: एक प्रत फार्मसीवाल्यालाही द्या. ही मलमे २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये (डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत) गेली, तरी काउंटरवर नुसते नाव सांगितले की मिळतात.