मदत हवी आहे: बाबा गोळ्या लपवतात!

घाईत_आहे: बाबांना बीपी आणि शुगर. गोळ्या मी आणते, डबी मी भरते, हातावर मी ठेवते. परवा गादी उचलली तर खाली गोळ्यांचा ढीग! बीपी 160/100च्या खाली येत नाही, गेल्या महिन्यात डॉक्टरांनी डोससुद्धा वाढवला. विचारलं की "घेतो गं." भांडूनही झालं. कृपया अलार्म सुचवू नका, लावून झालाय.

प्रश्नचिन्ह: वय? कोणत्या गोळ्या? कधी घेतात? डॉक्टरांना ढिगाबद्दल सांगितलंत का?

नियमित: अलार्म एकच लावला असेल. तीन लावायचे, दहा-दहा मिनिटांनी. मी सहा वर्षांत एक गोळी चुकवलेली नाही.

सुलभा_ता: नियमित, अहो गादीखाली लपवणारा माणूस विसरत नसतो. विसरायचं असतं तर डबीतच राहिल्या असत्या. ताई, बाबा मुद्दाम टाळतायत आणि त्यामागे कारण आहे.

पायी_चालतो: कारण उघड आहे, शरीरच नको म्हणतंय. मी कोलेस्टेरॉलची गोळी पाय दुखतात म्हणून सोडली. रोज चाला, सगळं सुटतं.

जुना_फार्मासिस्ट: चाला जरूर, पण बंद करायचे सल्ले इथे देऊ नका. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि बीपी कमी करणारी गोळी, अचानक सोडली तर नाडी आणि बीपी उसळतं, हृदयविकार असेल तर जिवावर बेततं. आणि पाय दुखण्याचं म्हणाल, तर 2020 साली सॅमसन नावाचा अभ्यास आला होता. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सोडलेल्यांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने बिनऔषधाची. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला त्याचा 90 टक्के बिनऔषधाच्या गोळीवरही झाला.

पायी_चालतो: म्हणजे माझे पाय खोटं बोलतात?

जुना_फार्मासिस्ट: पाय खरंच दुखतात. गोळीमुळेच दुखतात की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मंजिरी७: मध्येच विचारते, थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र चालतं का?

डबाबंद: गोळ्या कुटून द्या, कळणारही नाही.

जुना_फार्मासिस्ट: अजिबात नको! एक्सआर, एसआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. शिवाय बापाला फसवून औषध? कळलं तर तो पुढे पाणीसुद्धा हुंगून पिईल.

घाईत_आहे: वय 68. मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल, हायड्रोक्लोरोथायझाइड. मी सकाळी सातला बाहेर पडते, म्हणून सगळ्या रात्री माझ्यासमोर घ्यायच्या असं ठरवलं. डॉक्टरांना ढिगाचं सांगितलं नाही, बाबांची लाज निघेल.

जुना_फार्मासिस्ट: थांबा. शेवटची लघवीची गोळी आहे. ती दोन तासांत काम सुरू करते, चौथ्या तासाच्या आसपास सर्वांत जोर, एकूण सहा ते बारा तास. म्हणून सहसा सकाळी देतात. चिठ्ठीवर वेळ काय आहे?

घाईत_आहे: सकाळी. 😑 पण गोळी तीच आहे ना?

सुलभा_ता: आणि रात्र कोणाची आहे?

प्रश्नचिन्ह: ढिगात कोणकोणत्या गोळ्या आहेत? मोजा.

नियमित: तीन अलार्म लावले असते तर ही वेळच आली नसती.

घाईत_आहे: मोजल्या. 31. सगळ्या तीच एक. बाकीच्या तिन्ही नीट घेतायत. बाबांना विचारलं तर म्हणाले, "रात्रीत चार वेळा अंधारात उठायचं, तर एकदा तू उठून बघ. तू एवढ्या प्रेमाने डबी भरतेस, तुला नाही कसं म्हणायचं?" काय बोलणार यावर.

जुना_फार्मासिस्ट: आता डॉक्टरांना सगळं सांगाच. त्यांच्या हिशेबी चारही गोळ्या पोटात जात होत्या, म्हणून डोस वाढवला. आता वाढलेल्या डोसवर ही गोळीही सुरू झाली तर बीपी फार उतरेल, उठताना चक्कर येऊन पडतील. आणि राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन-दोन देऊ नका.

सुलभा_ता: लाजेचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003च्या अहवालातच आहे, विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांत सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. डॉक्टरांना नवल वाटणार नाही.

घाईत_आहे: फोन केला. लघवीची गोळी सकाळी, वाढवलेला डोस तूर्त मागे, दोन आठवडे रोज बीपी लिहून आणायचं. रागावले ते माझ्यावर, बाबांवर नाही. सकाळची गोळी बाबा स्वतः घेणार म्हणतात, डबीला हात लावायचा नाही अशी अट आहे.

मंजिरी७: माझ्या कॅल्शियमचं कुणी सांगेल का?

जुना_फार्मासिस्ट: चार तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची उपाशीपोटी.