मदत हवी आहे: स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर केमो घ्यावी की नाही?

रुग्णाचं वय ४६, पाळी अजून चालू. लम्पेक्टॉमी (पूर्ण स्तन न काढता फक्त गाठ काढणं) होऊन तीन आठवडे झाले. गाठ २.२ सेंमी, ग्रेड २, कडा मोकळ्या (काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोग नाही). काखेतल्या ३ सेंटिनल लसिका गाठींपैकी (कर्करोग पसरताना आधी पोहोचतो त्या) १ पॉझिटिव्ह. हार्मोन रिसेप्टर ईआर (इस्ट्रोजेनचा) ९०%, पीआर (प्रोजेस्टेरॉनचा) ७०%, हर२ (गाठ वाढवणारं प्रथिन) निगेटिव्ह (आधी २+ म्हणजे अनिश्चित आल्यामुळे फिश ही जनुक चाचणी करून खात्री केली आहे). ऑन्कोटाइप (गाठीतल्या जनुकांवरून आजार उलटण्याचा धोका सांगणारी चाचणी) स्कोअर १७. रेडिएशन ठरलेलंच आहे, प्रश्न केमोचा आहे.

पाळी थांबलेली असती, तर १ ते ३ लसिका गाठी पॉझिटिव्ह असूनही २५ पर्यंतच्या स्कोअरला केमो टाळता आली असती. आरएक्सपॉन्डर या वैद्यकीय अभ्यासात पाळी चालू असलेल्या स्त्रियांना मात्र केमोचा फायदा दिसला. खरी अडचण इथेच आहे: त्यातला किती फायदा औषधाचा आणि किती केमोमुळे अंडाशयाचं काम थांबण्याचा, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

म्हणून दोन पर्याय समोर आहेत. टीसी (डोसिटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमो) ची ४ सायकल, दर २१ दिवसांनी, आणि पुढे हार्मोनची औषधं. किंवा केमोशिवाय थेट अंडाशय थांबवणारं इंजेक्शन आणि एआय (शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणारी) गोळी. दुसऱ्यात हाडं झिजतात, त्यामुळे आधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) हवाच.

असा निर्णय घेतलेल्यांनी कृपया सांगावं: डॉक्टरांना नेमके कोणते प्रश्न विचारले? टीसीमध्ये बोटांच्या बधिरतेसाठी थंड हातमोज्यांचा उपयोग झाला का? दुसरं मत घेताना फक्त रिपोर्ट पुरले, की गाठीच्या नमुन्याचे ब्लॉक आणि स्लाइडही मागितल्या? केमो घ्यायचीच झाली तर फार लांबवून चालणार नाही, म्हणून लवकर कळवा.