सही केली म्हणजे संपलं का?
‘कंत्राटावर सही स्वतःच केली ना, मग तक्रार कसली?’ हे मला अजिबात पटत नाही. डिसेंबर २०२१मध्ये अमेरिकेतल्या रेव्हन सॉफ्टवेअर या व्हिडिओ गेम कंपनीने सुमारे डझनभर टेस्टरांना, म्हणजे गेममधल्या चुका (बग) शोधणाऱ्यांना, कंत्राटं संपवत असल्याचं कळवलं. बाकीच्या सहकाऱ्यांनी काम बंद केलं, युनियन बांधली आणि मे २०२२मध्ये मतदान १९ विरुद्ध ३ असं जिंकलं. त्याआधी, एप्रिलमध्येच, मालक कंपनी अ‍ॅक्टिव्हिजनने जवळपास १,१०० हंगामी टेस्टरांना कायम करून तासाला किमान २० डॉलर जाहीर केले होते. रेव्हनच्या लोकांना मात्र ती वाढ नाकारली! कारण? त्यांची युनियनची प्रक्रिया चालू होती. संताप येतो. गेममधला एकेक बग रात्र-रात्र जागून शोधणारी हीच माणसं, आणि कित्येकदा श्रेयनामावलीतही त्यांचं नाव नसतं.